शीट एक, चॅनेल आठ

तापमान मोजणाऱ्या एका बोर्डाच्या सुट्या भागांची यादी काढायला मी स्क्रिप्ट लिहिली, तेव्हा तिने 16 रेझिस्टर मोजले. बोर्डाला लागणार होते 160.

आठही चॅनेलचं सर्किट सारखंच होतं, म्हणून मी ते एकदाच काढून मुख्य शीटवर आठ वेळा ठेवलं होतं. चॅनेलच्या शीटवर 12 रेझिस्टर, शिवाय चार रेझिस्टरांच्या फिल्टरची शीट दोनदा. माझी स्क्रिप्ट एखादी फाइल वाचली की ‘पाहिली’ अशी खूण करी आणि पुन्हा तिच्याकडे फिरकत नसे. चकव्यात सापडू नये म्हणून प्रोग्रामरला ही सवय लागलेली असते. इथे तिनेच घात केला. शीटांचं झाड मानलं, तर खूण हवी ती फक्त मुळापासून, म्हणजे मुख्य शीटपासून, आपण उभे आहोत तिथपर्यंतच्या वाटेवर. शीट स्वतःच्याच पोटात सापडली तर चूक. शेजारच्या फांदीवर पुन्हा भेटली तर तिथेही आत शिरायचं.

हा बोर्ड किकॅड या सर्किट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. 2021 च्या सहाव्या आवृत्तीपासून त्याची सर्किटची फाइल लिस्प या प्रोग्रामिंग भाषेसारख्या कंसांत कंस अशा साध्या मजकुरात असते, त्यामुळे वाचायला सोपी. अवघड आहे ते नाव. फिल्टरमधला एक रेझिस्टर चितारलेला एकदाच, पण सोल्डर होतो सोळा ठिकाणी. त्या चिन्हाचा ओळख-क्रमांक सोळाही ठिकाणी तोच. वर्गात दोन गणेश असले की आपण वडिलांचं नाव विचारतो, तसंच इथे: कुठल्या चॅनेलमधल्या कुठल्या फिल्टरचा, हे सांगितल्याशिवाय तो ओळखता येत नाही. म्हणून त्याचा आर5 किंवा आर25 हा क्रमांक फाइलमध्ये त्या पूर्ण वाटेसमोर नोंदलेला असतो. तीच शीट दोन प्रकल्पांत वापरली असेल, तर दोन्हींच्या वाटा तिथे शेजारी शेजारी असतात. प्रकल्पाचं नाव न तपासता पहिली नोंद उचलली की क्रमांक भलताच येतो.

आणि उलटही घडतं. एलएम324 या आयसीमध्ये चार ऑपअँप असतात; चित्रात चार त्रिकोण, विकत घ्यायची आयसी एकच. म्हणून मोजणी चिन्हांची नव्हे, क्रमांकांची करायची.

तारांची गोष्ट मला जास्त जपावीशी वाटते. साधं लेबल, म्हणजे तारेला दिलेलं नाव, आपल्या शीटच्या त्या एका प्रतीपुरतंच राहतं: तिसऱ्या चॅनेलमधलं ‘आउट’ चौथ्याला ठाऊक नसतं. वरच्या शीटशी जोडायचं तर हायरार्किकल लेबल आणि वर त्याच नावाची पिन. ग्लोबल लेबल मात्र सगळ्या भिंती ओलांडतं. ग्राउंडला तेच हवं. पण चॅनेलच्या शीटवर चुकून ‘आउट’ ग्लोबल केलं, तर आठही आउटपुट एकमेकांना जोडले जातात, आणि चित्र पाहणाऱ्याला शीटवर एकच निरुपद्रवी लेबल दिसतं. म्हणून आता झाड फिरून झालं की माझी स्क्रिप्ट प्रत्येक ग्लोबल नाव किती वाटांवरून आलं ते मोजते, आणि सप्लाय-ग्राउंड सोडून ज्या नावापुढे 8 दिसेल ते लाल रंगात छापते.