मागच्या दोन चाकांचे दीड लाख

नवी गाडी घ्यायची तर चारही चाकांना ताकद देणारीच घ्यायची, हे आमच्या घरात गेल्या सप्टेंबरात ठरून गेलं होतं. बैठक बसली नव्हती की मतं घेतली नव्हती. एका दुपारी चिखलातून परत येताना ते सगळ्यांच्या मनात एकदमच ठरलं.

बडे अब्बांचा, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाचा, इन्तेकाल झाला तो 2025 च्या सप्टेंबरात. त्या महिन्यात पाथर्डी-शेवगाव भागात पावसाने काय करून ठेवलं होतं, ते आपल्या जिल्ह्यातल्या वाचकांना मी वेगळं सांगायला नको. फोन सकाळी आला. पुन्हा पाऊस यायच्या आत, जोहरनंतर लगेच दफन करायचं ठरलं होतं. मी अब्बांना घेऊन निघाले. थोरला मुलगा मागे बसला. करंजी घाट ओलांडून तिसगावपर्यंत काही अडलं नाही. अडलं ते डांबर सोडल्यावर. वस्तीपर्यंतचा शेवटचा सव्वा किलोमीटर काळ्या मातीचा आहे. आमची अकरा वर्षांची छोटी गाडी पाचशे पावलंही गेली नसेल, पुढची चाकं जागीच फिरायला लागली. मी जितका जोर दिला तितकी ती खाली बसत गेली.

अब्बा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, दोन्ही गुडघे निकामी. त्या चिखलातून चालणं शक्यच नव्हतं. थोरला चपला हातात घेऊन धावत पुढे गेला. चुलतभावाचा ट्रॅक्टर ओढ्याच्या पलीकडे अडकला होता. तो येईपर्यंत जनाजा निघाला. आम्ही होतो तिथून बांधापलीकडे माणसांची रांग कब्रस्तानाकडे जाताना दिसत होती. अब्बांनी काच खाली केली आणि सीटवर बसूनच हात उचलले. परतीच्या वाटेवर ते एक शब्दही बोलले नाहीत. बोलला तो थोरला, एवढंच की, "अम्मी, आता फोर बाय फोर."

आमच्या नगरला फोर बाय फोर काही नवं नाही. रणगाड्यांचं गाव हे. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे, वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था इथे, आणि 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालयही इथेच. लहानपणी अब्बा आम्हाला भिंगारच्या बाजूला न्यायचे तेव्हा रस्त्याने लष्कराच्या जोंगा जायच्या. अब्बांचं गॅरेज होतं. लिलावात निघालेल्या लष्करी जीपा लोक घ्यायचे आणि दुरुस्तीला त्यांच्याकडे आणायचे. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असायचे. एकाने पुढचा आसही इंजिनाला जोडला जायचा, दुसऱ्याने गाडीचा वेग मरून जोर वाढायचा. त्या दांड्यांची काळी गोळी मी खेळायला मागायचे, हे अजून आठवतं.

हल्लीच्या शहरी एसयूव्हींत ते दांडे नसतात. ग्रँड व्हिटाराच्या ऑलग्रिप प्रकारात किंवा तिच्या टोयोटावाल्या जुळ्या बहिणीत, हायरायडरमध्ये, एरवी पुढचीच चाकं गाडी ओढतात. पुढचं चाक घसरतंय असं यंत्रणेला कळलं की एका क्लचमधून थोडी ताकद मागच्या चाकांकडे जाते. निवडीसाठी एक गोल बटण, त्यावर ऑटो, स्पोर्ट, स्नो आणि लॉक. आपल्याकडे स्नो कुठला पडतोय, पण ओल्या निसरड्यावर तोच वापरायचा असतो. जिम्नी वेगळ्या जातीची. तिला मजबूत चौकट आणि जोर वाढवणारा तो जुना दांडा अजून आहे. थार तशीच. आणि आपल्या पुण्याच्या रस्त्यावर रांजणगावला 2017 पासून बनते ती जीप कंपास. तिच्या चार चाकांच्या प्रकाराची किंमत ऐकून ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला, म्हणून ती यादीतून गेली.

जिम्नी मला मनापासून आवडली होती. पण ती चौघांची गाडी. आम्ही पाच. मागचं सामान ठेवायचं भांडं 208 लिटरचं, म्हणजे अब्बांची चाकाची खुर्ची ठेवली की संपलं. आणखी एक गोष्ट मला कागदावर बघूनच कळली. जिम्नी चार मीटरपेक्षा थोडी कमी, ग्रँड व्हिटारा 4.3 मीटरच्या वर, तरी वळायला जिम्नीलाच जागा जास्त लागते. तिची वळणत्रिज्या 5.7 मीटर, व्हिटाराची 5.4. मुकुंदनगरच्या आमच्या गल्लीत समोरून रिक्षा आणि मागून दुधाची मोटारसायकल आली की हे तीस सेंटिमीटर किती मोठे असतात, ते चालवणाऱ्यालाच कळतं. गाडी छोटी दिसते म्हणून ती शहरात सोपी जाईल असं नसतं.

मग मी शिक्षिकेच्या सवयीप्रमाणे वही काढली. आमची गाडी वर्षाला साधारण नऊ हजार किलोमीटर चालते. माझी शाळा, सावेडीतला अब्बांचा दवाखाना, कापडबाजार, महिन्यातून एखाद्या वेळी पुणे. वस्तीवर वर्षातून आठ-दहा फेऱ्या, त्यांतल्या पावसाळ्यातल्या चार. जाऊन-येऊन अडीच किलोमीटर कच्चा रस्ता. म्हणजे नऊ हजारांतले दहा किलोमीटर. थोरल्याला वही दाखवली तर तो म्हणाला, "पण बडे अब्बांचा दिवस त्या दहांतच होता ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

किमतीचं सांगते. 2022 मध्ये ग्रँड व्हिटारा आली तेव्हा एकाच दर्जाच्या मॅन्युअल गाडीत दोन चाकं आणि चार चाकं यांत शोरूमच्या किमतीचा फरक दीड लाखाचा होता. नंतर किमती वर गेल्या, 22 सप्टेंबर 2025 पासून या आकाराच्या गाड्यांवरचा कर 45 वरून 40 टक्क्यांवर आला तेव्हा खाली आल्या, पण मी हिशेबाला तोच दीड लाख धरला. मायलेजचा फरक लोक सांगतात तेवढा मोठा नाही. कंपनीचे आकडे 21.11 आणि 19.38. नऊ हजार किलोमीटरला वर्षाचे अडतीस लिटर जास्त. शहरात दोन्ही आकडे घसरतात हे खरं, तरी पेट्रोलसाठी चार चाकं नाकारावीत असं मला वाटलं नाही. मागच्या आसाचं तेल, त्याची देखभाल आणि चारही टायर सारखे झिजलेले ठेवणं, हे खर्च कुणी आधी बोलत नाही. एक टायर फाटला म्हणून एकच नवा घातला आणि बाकीचे झिजलेले असले तर त्या यंत्रणेवर उगाच ताण येतो.

एका शोरूममधला तरुण मला म्हणाला, "मॅडम, हप्त्यात बघा ना, महिन्याला अडीच हजारसुद्धा फरक नाही." मी म्हटलं, आम्हाला हप्ता नको. व्याजाचं कर्ज घ्यायचं नाही म्हणून आम्ही सहा वर्षं पैसे साठवले होते. तो गोंधळला. पण घरी येऊन मी त्याचाच हिशेब मांडला. दीड लाख, सात वर्षं, नऊ टक्के, की दोन लाखांच्या घरात जातात. हप्त्यात विचार केला की दीड लाख दिसेनासे होतात. रोख मोजायचे असले की ते टेबलावर पडून आपल्याकडे बघत राहतात. ती फक्त मागच्या दोन चाकांची किंमत होती. त्यात आमच्या वर्षभराच्या फिया होत्या.

तरी मी घेणारच होते. अडवलं अब्बांनी.

"त्या दिवशी ती गाडी असती तरी मी बांधावरच राहिलो असतो," ते म्हणाले. मला वाटलं, समजूत काढताहेत. ते म्हणाले, "बेटी, आपली माती पाणी पिऊन फुगते. टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो. मग ताकद दोनाला दे नाहीतर चाराला, धरायला जमीनच नाही. लष्कराच्या गाडीला खोल खाचांचे टायर असायचे, तरी फसायची, दुसरी येऊन ओढायची. रणगाड्याला पट्टे कशाला घालतात मग?"

थोरल्याला पटलं नाही. ऑक्टोबरच्या शेवटी पाऊस झाला तेव्हा तो मित्राची ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी घेऊन वस्तीवर गेला, मीही गेले. ओल्या गवताच्या चढावर आमची गाडी नेहमी मागे सरकते, तो चढ ही गाडी आवाजही न करता चढली. मान्य करते, मला हेवा वाटला. वाटेतल्या मुरमाच्या चिखलातूनही ती सरळ गेली. काळ्या मातीत मात्र आमच्या गाडीपेक्षा दोनशे पावलं पुढे जाऊन थांबली. चारही चाकं फिरत होती. थोरला उतरला, टायरकडे बघत उभा राहिला. खाचा दिसतच नव्हत्या. रस्त्यावरचे टायर होते ते, त्यांचा दोष नाही. चिखलाचे टायर घातले असते तर ती कदाचित निघाली असती, पण तेच टायर मग वर्षभर पुण्याच्या रस्त्यावर घरघरत आणि ओल्या डांबरावर कमी पकड घेत चालवायचे.

ब्रेकचंही तेच. उड्डाणपुलावर पावसात पुढचा अचानक थांबला तर चार चाकांची ताकद तुम्हाला थांबवत नाही. थांबवतात ब्रेक आणि टायर. चार चाकं आहेत म्हणून सुसाट जाणारे मी पुण्याच्या रस्त्यावर पाहिलेत.

म्हणून कुणी घेऊच नये, असं मी म्हणत नाही. अकोले तालुक्यात घाटघर-भंडारदऱ्याकडे रोज चढ-उताराने जाणारी नर्स किंवा डॉक्टर असेल, सुट्टी लागली की हिमालय गाठणारं कुटुंब असेल, तर दीड लाख सार्थकी लागतील. आमचा अडथळा एकच होता आणि तो गाडीत नव्हताच.

आम्ही पुढच्या चाकांची, ऑटोमॅटिक घेतली. माझा डावा गुडघाही आता अब्बांच्या वाटेवर आहे, आणि नगरच्या चौकांत क्लच दाबून दाबून तो संध्याकाळी बोलायला लागतो. शोरूममध्ये अब्बांना तीन गाड्यांत बसवून पाहिलं. जिच्या सीटवर ते न वाकता, न चढता, नुसते मागे टेकून बसले, ती घेतली. खरं सांगायचं तर आमची निवड एवढ्यावरच झाली.

वाचलेल्या दीड लाखातले पंचेचाळीस हजार वस्तीच्या रस्त्यात घातले. चुलतभावांनी आणि शेजारच्या दोन शेतकऱ्यांनी आपापले घातले. अब्बांनी खुर्चीवर बसून काम सांगितलं. नुसता मुरूम टाकला तर तो काळ्या मातीत एका पावसात गडप होतो, म्हणून आधी दोन्ही बाजूंना चारी, ओढ्याजवळ सिमेंटच्या नळ्या, मग मोठा दगड, त्यावर मुरूम. जानेवारी ते मार्च एवढ्या काळात सातशे मीटर झालं. पुढच्या पट्ट्यातला एक शेतकरी बांधाची तीन फूट जागा सोडायला तयार नाही. त्याचं म्हणणं, आधी मोजणी करा. त्याचंही चूक नाही, जमीन थोडी आहे त्याची. चुलतभाऊ त्याच्याशी बोलतोय. मोजणीचा अर्ज दिलाय.

थोरला अजून गाडीला "अर्धी गाडी" म्हणतो. परवा ईदनंतर आम्ही वस्तीवर गेलो. जिथे मुरूम संपतो तिथे मी गाडी बाजूला लावली. तिथून कब्रस्तान दिसतं. माती कोरडी होती, पुढे नेता आली असती, पण अब्बा म्हणाले, इथेच थांबव. थोरल्याने खुर्ची काढली, आणि दोघं सावकाश बांधाच्या कडेने निघाले.