बाण गेला कुठे?

बाण मारणाऱ्यांची कीर्ती आपल्याकडे पुराणकाळापासून चालत आली आहे. बाण शोधणाऱ्याला मात्र कोणी विचारत नाही. अर्जुनाला झाडावरच्या पक्ष्याचा फक्त डोळाच कसा दिसला, हे आपण शाळेत ऐकले. पण तो बाण मागाहून झाडावर चढून कोणी काढला, हे गुरुजींनी सांगितले नाही. रामाचा बाण सात शालवृक्ष भेदून आपणहून भात्यात परत आला. अर्जुनाला तर खांडववनाच्या वेळी अक्षय भाताच मिळाला. ज्यांचे बाण संपतच नाहीत किंवा पाळीव कबुतरासारखे घरी येतात, त्यांना कमरेएवढ्या गवतात वाकून चालण्याचे दुःख काय कळणार!

हे दुःख मला तिकोणा पेठेत कळले. माझी धाकटी बहीण तिथे राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून भाद्रपद ते दिवाळी माझा मुक्काम तिच्याकडे असतो. समोर तिकोण्याचा तो नावाप्रमाणे तीन कोनांचा डोंगर, पलीकडे तुंग, मध्ये पवनेचे पाणी. आणि घरामागे भाताची चार खाचरे सोडली की नुसते गवतच गवत. 2023 साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे, दोघेही तिरंदाजीत जगज्जेते झाले, आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांप्रमाणे आमच्या घरातही धनुष्य आले. बहिणीच्या नातवाने खाचराच्या बांधावर पेंढ्याचे लक्ष्य उभे केले. लक्ष्यावर बसलेला बाण काढायला काही श्रम नाहीत. चुकलेला बाण मात्र मागच्या गवतात शिरे, तो गडपच होई. सेकंदाला दोनशे-तीनशे फूट जाणारी ती बारीक काडी. उतरत्या कोनात आली की जमिनीत रुतत नाही. सापासारखी गवताच्या मुळाशी सरपटत जाते आणि वर एक पातेदेखील हलत नाही. एकेका बाणाची किंमत ऐकून माझी बहीण म्हणाली, "अरे, एवढ्यात आठवड्याची भाजी येते!"

शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये बसानियो यावर एक उपाय सांगतो. लहानपणी बाण हरवला की तो दुसरा बाण त्याच दिशेने, तितक्याच जोराने सोडी आणि त्याच्यावर नीट नजर ठेवून दोन्ही मिळवी. अर्थात हे तो सांगतो ते मित्राकडून पुन्हा कर्ज काढण्यासाठी. तेव्हा त्याच्या तिरंदाजीवर किती भरवसा ठेवायचा हे सावकारांनी ठरवावे. मी ही युक्ती शेजारच्या कातकरी वस्तीवरच्या एका बाबांना सांगितली. बाबा ऐंशीच्या घरातले. त्यांनी विडी विझवली आणि म्हणाले, "म्हंजी मास्तर, मंग दोन हुडकायचे."

या बाबांनी पोरवयात, पवनेचे धरण झाले नव्हते तेव्हा, बापाच्या मागे तिरकमठा घेऊन हे सगळे रान तुडवले आहे. 1972 साली वन्य जीवांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि शिकार सुटली. ती सुटली याचे मला वाईट वाटत नाही. रानात मुळात उरले आहे ते किती! पण शिकारीबरोबर शोधण्याची जी विद्या गेली, तिच्याबद्दल मात्र हळहळ वाटते. कारण बाबांच्या लेखी बाण सोडणे हे अर्धेच काम होते.

एक तर बाणाचे मोल. काडी रानातली, पण पाते लोहाराचे. त्याला पायलीने धान्य मोजावे लागे, आणि धान्य घरात असते तर रानात जायचे कशाला? दुसरे कारण मला अधिक मोठे वाटते. जनावर उडी मारून पळाले, एवढ्यावरून बाण लागला की हुकला ते समजत नाही. ते सांगतो बाण. काडी कोरडी असली तर देवाची दया. तांबडे, फेसाळ रक्त असले तर फुप्फुसाला लागला, जनावर जवळच पडले असणार. हिरवट, वास मारणारी घाण असली तर पोटाला लागला. मग ते दूर जाते आणि तासन् तास तडफडत मरते. बाण न शोधता घरी येणारा माणूस त्या जनावराला तसेच सोडून आलेला असतो. बाबा म्हणाले, "बाप मारायचा न्हाई चुकला म्हणून. हुडकला न्हाई म्हणून मारायचा."

अंदमानच्या आदिवासींनी याच प्रश्नाला निराळे उत्तर दिले. रानडुकरावरच्या त्यांच्या बाणाचे पाते काडीपासून सुटते, पण दोरीने तिला बांधलेले राहते. डुक्कर पळाले की मागे फरफटणारी काडी झुडपात अडकते. डुक्करही सापडते, बाणही. आजच्या कारखानदारांनी तर कमाल केली आहे. बाणाच्या शेपटीच्या खाचेत इवलासा दिवा बसवतात, तो दोरी सुटताच पेटतो. एका प्रकारच्या बाणाला टोकाशी तारेचे चार पाय असतात. ते गवतात अडकतात आणि बाण खाली सरपटण्याऐवजी तिथेच कोलांटी खाऊन वर राहतो. आमच्या चिरंजीवांना अर्थातच दिवाच हवा होता.

बाबांचा सल्ला फुकटचा होता: पिसे पांढरी लाव. त्यांच्या लहानपणी पांढऱ्या कोंबड्याची पिसे जपून ठेवीत, आणि पाखरावरच्या बाणाला तर ती न कातरता रुंदच लावीत. असा बाण वाऱ्याला अडतो, लांब जात नाही आणि जाताना दिसतो. जुन्या संस्कृत काव्यात बाणाला कंकपत्र आणि गार्ध्रपत्रही म्हटले आहे. म्हणजे बगळ्याची आणि गिधाडाची पिसे. गिधाडे तर गुरांना देण्याच्या डायक्लोफिनॅक या औषधाने इतकी मेली की, 2006 साली जनावरांसाठी ते बंद करावे लागले, तरी आभाळ अजून रिकामेच आहे.

पांढराच का, यावर घरात मोठा वाद झाला. मी लाल म्हणत होतो, नातू पिवळा. पण मावळातले रान वर्षभर रंग बदलते. श्रावणात हिरवे बाण बाद. भाद्रपदात सोनकी फुलली की पिवळे बाद, आणि तेरडा फुलला की गुलाबीही बाद. दिवाळीला गवत सोन्यासारखे होते, तेव्हा पिवळ्याचे नाव काढू नये. उन्हाळ्यात तांबड्या मुरमावर लाल दिसत नाही. शिवाय लाल रंगाचे आणखी एक कपट आहे. एकोणिसाव्या शतकात बोहेमियाच्या पुर्किंये नावाच्या शरीरशास्त्रज्ञाने ते टिपून ठेवले: उजेड उतरू लागला की डोळ्याला सर्वांत आधी लाल रंग काळा दिसू लागतो. बाण हरवतो तो नेमका दिवेलागणीला. हरणाला म्हणे लाल-नारिंगी हिरव्यापासून वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून परदेशी शिकारी बेलाशक नारिंगी वापरतात. पण आम्हांला हरणाशी काय कर्तव्य? आमचा सामना गवताशी. पांढऱ्यावर एकमत झाले.

तरीही गेल्या दिवाळीच्या तोंडावर एक बाण गेला. एरवी मी म्हटले असते, जाऊ द्या. पण गवत कापणीला आले होते. ते एका म्हैसवाल्याला विकलेले होते. कार्बनची काडी विळ्याने फुटली तर तिच्या सुईसारख्या चिंबळ्या होतात. त्या पेंढीत गेल्या, पेंढी गव्हाणीत गेली आणि म्हशीच्या पोटात गेल्या, तर? कापायला येणाऱ्या बायका अनवाणी असतात, हे तर आणखीच. बहिणीने त्या पट्ट्याची कापणी थांबवली. दोन दिवस मजुरांचा खाडा झाला, म्हैसवाल्याचे दोन निरोप येऊन गेले, आणि नातू जेवताना खाली मान घालून जेवू लागला.

तिसऱ्या दिवशी पहाटे बाबा स्वतः आले. त्यांनी मुलाला तो उभा होता त्याच जागी उभा केला आणि विचारले, "आवाज कसा झाला? टण की सर्र?" सर्र. म्हणजे दगड नाही. मग पेंढ्याच्या लक्ष्यावरून दूरचे एक हिरड्याचे झाड नेमून दिले आणि मला त्या रेषेवर काठी धरून उभे केले. मी रेषा चुकलो की ते न बोलता हात हलवीत. स्वतः मात्र बाणाच्या वाटेने गेलेच नाहीत. लांबून वळसा घालून पार पलीकडे गेले आणि उगवत्या सूर्याकडे तोंड करून उकिडवे बसले. उजेड आडवा येत होता. दव पडलेले होते, त्यात प्रत्येक काडी वेगळी दिसत होती.

मग ते रेषेला आडवी काठी ओढीत, झाडल्यासारखे, एकेक हात पुढे सरकू लागले. अर्धा तास गेला असेल. मुलगा जागचा हलला नव्हता. त्याला लघवीला जायचे होते हे त्याने मागाहून सांगितले. आम्ही दोन दिवस शोधत होतो तिथून चांगले वीस पावले पुढे काठी अडखळली. बाण जमिनीला चिकटून, गवताखाली आडवा पडला होता. पांढरे पीस चिखलाने तांबडे झाले होते.

बाबांनी तो धोतराला पुसला, बोट फिरवून काडी कुठे चिरली आहे का ते पाहिले, आणि मुलाच्या हातात दिला. मुलगा आनंदाने घराकडे पळत सुटला. बाबांनी त्याला हाक मारून परत बोलावले.

"सहा आनलेवतेस ना? बाकीचे पाच दाव."