मधुमेहातला 'मेह'

आम्ही उभयता मराठीचे अध्यापक. व्युत्पत्तीच्या तासाला 'मधुमेह' हा शब्द आम्ही हमखास उदाहरणादाखल घेत आलो. 'मिह्' हा संस्कृत धातू, अर्थ मूत्रविसर्जन करणे, त्यावरून 'मेह'. चरक-सुश्रुतांनी वर्णिलेल्या २० प्रमेहांपैकी ज्यात मूत्र मधासारखे होते, तो मधुमेह. 'मूत्र' हा शब्द उच्चारताच मागच्या बाकांवर खसखस पिकायची आणि आम्हीही काहीसे संकोचून पुढच्या शब्दाकडे वळायचो. हा संकोच किती महागात पडू शकतो, हे कळायला मात्र आमची चाळिशी उलटावी लागली.

आमच्या घरात हा विकार नऊ वर्षांपासून आहे. दर तीन महिन्यांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर तपासायची, आकडा बरा आला की निर्धास्त व्हायचे, असा आमचा नेम. सिन्नर तालुक्यातल्या आमच्या थोरल्या बंधूंचाही नेम हाच होता. त्यांनी १५ वर्षे गोळ्या चुकवल्या नाहीत. आज ते आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नाशिकला येतात, चार-चार तास यंत्राला जोडलेले असतात. एकदा आम्ही विचारले, "अण्णा, आधी काहीच कसे कळले नाही?" ते शांतपणे म्हणाले, "रक्त सगळ्यांनी घेतलं. लघवी कुणी मागितलीच नाही."

त्या उत्तराने आम्ही वाचायला बसलो. मूत्रपिंड दुखत नाही, तक्रार करत नाही. त्याची बरीचशी क्षमता गेल्यावरच रक्तातले क्रिएटिनीन वाढलेले दिसते. त्याआधी कित्येक वर्षे मूत्रातून अल्ब्युमिन नावाचे प्रथिन थोडेथोडे झिरपत असते; साध्या पट्टीच्या तपासणीत ते बहुधा सापडत नाही. त्यासाठी मूत्रातल्या अल्ब्युमिनचे क्रिएटिनीनशी प्रमाण काढावे लागते. ते ३० किंवा त्याहून अधिक आले तर सावध व्हायचे. ताप, जंतुसंसर्ग, फार व्यायाम यांनीही ते वाढते, म्हणून तीन महिन्यांत पुन्हा तपासून खात्री करायची. जोडीला क्रिएटिनीन, वय व लिंग यांवरून मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग काढायचा. प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात या दोन्ही तपासण्या निदान झाल्या दिवसापासून दरवर्षी व्हाव्यात, असे वैद्यकशास्त्र सांगते. एवढ्यासाठी मोठे रुग्णालय लागत नाही. एक बाटली, थोडे रक्त आणि चिठ्ठी लिहिणारा गल्लीतला डॉक्टर पुरतो.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस देण्याची राष्ट्रीय योजना आहे, आणि ती हवीच. पण जिथे यंत्र पोचले तिथे बाटली आधी पोचायला हवी होती, हा सल अण्णांकडे पाहताना जात नाही.

कारण वेळेवर कळले तर उपाय आहेत. रक्तदाब आटोक्यात ठेवणारी, मूत्रपिंडाला जपणारी औषधे जुनीच आहेत. गेल्या दशकात काही नव्या गोळ्यांनी मूत्रपिंडाची घसरण मंदावते, हे सिद्ध झाले. त्यांपैकी डापाग्लिफ्लोझिनचे आपल्याकडचे पेटंट संपले आणि ती स्वस्तही झाली. गंमत अशी, की या गोळ्या रक्तातली जादा साखर मूत्रावाटे बाहेर सोडतात. म्हणजे 'मधु' आणि 'मेह' पुन्हा एकत्र येतात, पण आता उपचारात. व्युत्पत्ती शिकवणाऱ्यांना याहून सुंदर उदाहरण कोणते मिळणार?

आम्ही आमच्या डॉक्टरांकडे स्वतःहून ती तपासणी मागितली. आकडा आला ४८. दोन महिन्यांनी पुन्हा ५१. गोळ्या बदलल्या, मीठ कमी झाले. अण्णांना हे सांगताना जीभ जड झाली. ते एवढेच म्हणाले, "बरं झालं, तुम्ही विचारलंत."

यंदा तासाला तो शब्द पुन्हा आला. खसखस पिकली. ती ओसरेपर्यंत आम्ही थांबलो. मग विचारले, घरात कुणाकुणाला साखर आहे? निम्म्याहून अधिक हात वर आले. "आणि त्यांची लघवी गेल्या वर्षभरात कुणाची तपासली?"

एकेक करून हात खाली गेले. त्या दिवशी पुढचा शब्द घेतला नाही.