जुनेपण कुठून चढतं

आमच्या रहिमतपुरात आहेरात आलेल्या फुलदाण्यांना तोटा नाही. मुरादाबादी नक्षीच्या पितळी, खुर्ज्याच्या चिनीमातीच्या, गुलाबाची चित्रं आणि सोनेरी कड असलेल्या, रंगीत काचेच्या. लग्नात येतात, काही वर्षं शोकेसमध्ये उभ्या राहतात, मग माळ्यावर जातात आणि दिवाळीच्या साफसफाईत घराबाहेर पडतात. पितळेला मोडीत भाव मिळतो, चिनीमातीला आणि काचेला कोणी विचारत नाही. अशा टाकून दिलेल्या फुलदाण्या मी घरी आणते आणि रंगाने त्यांना जुनं रूप देते.

चिनीमातीच्या गुळगुळीत चकाकीवर रंग धरत नाही, म्हणून तयारीलाच बराच वेळ द्यावा लागतो. आधी साबणाच्या गरम पाण्याने तेलकटपणा काढायचा, मग पॉलिश पेपर ओला करून सगळा पृष्ठभाग खरवडायचा. वस्तूवर आधीचा ऑइलपेंट असेल तर मी ती कोरडी कधीच घासत नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ श्वासावाटे आत जाते. घरगुती रंगांतल्या शिशावर 90 पीपीएमची मर्यादा आपल्याकडे 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाली. त्याआधीच्या डब्यांत काय होतं हे वस्तूकडे पाहून सांगता येत नाही. म्हणून ओलं घासायचं, तोंडाला मास्क लावायचा आणि आसपास लहान मूल असू द्यायचं नाही.

खरवडलेल्या अंगावर प्रायमरचा हात द्यायचा. तो वाळला की अ‍ॅक्रिलिक रंगात खाण्याचा सोडा कालवायचा. रंग फुगून दाट, रवाळ होतो आणि ब्रशने उलटसुलट थापला की काचेलाही भाजलेल्या मातीचं अंग येतं. हे मिश्रण लवकर आळतं, म्हणून एका वेळी थोडंच करायचं. वाळल्यावर आमच्या शिवारातली काळी माती किंवा मुरमाची तांबूस माती चाळून, पाण्यात कालवून अंगाला चोळते. ओल्या फडक्याने पुसली की उंचवट्यावरची निघून जाते, खाचांत राहते. शेवटी चकाकी नसलेलं वॉर्निश. आतल्या बाजूला मी रंग लावत नाही. ताजी फुलं ठेवायची तर आत वेगळा पेला बसवते.

एवढं कुणालाही जमतं. कठीण आहे ते डाग कुठे द्यायचा आणि कुठे द्यायचा नाही हे ठरवणं. सगळीकडे सारखा तपकिरी रंग फासला तर वस्तू जुनी दिसत नाही, मळकी दिसते. जुनेपण अंगावर कारणाने चढतं आणि ती कारणं आधी पाहावी लागतात.

पाहायला मला गाव पुरलं. रहिमतपुरात आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या स्मरणार्थ बांधलेली मशीद आणि कबर आहे. मशिदीपासून जवळच पाण्याचा उंच बुरूज आहे. त्याच्या एका अंगाला उतार आहे. त्यावरून हत्तीकडून मोट ओढून पाणी वर चढवत आणि ते पुढे मशिदीकडे नेत, असं मानलं जातं. या जुन्या दगडी कामासमोर मी वही घेऊन बसते. पावसाचं पाणी कडेखालून जिथे ओघळतं तिथे काळा पट्टा उतरतो, वर रुंद आणि खाली निमुळता. ओल टिकते त्या सांध्यात शेवाळं धरतं. जिथे पाऊल पडतं तिथे दगडाला तुकतुकी येते आणि दोन बाजूंना तो खरबरीतच राहतो. फुलदाणीच्या गळ्याखालून ओघळ काढताना हाच पट्टा माझ्यासमोर असतो. पाणी वरून खाली येतं आणि कडेशी अडतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी हात योग्य ठिकाणी जातो.

दुसरी शाळा म्हणजे आमचं स्वयंपाकघर. लोणच्याची चिनीमातीची बरणी घ्या. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरट. त्या पांढऱ्यावर बारीक भेगांची जाळी असते आणि वर्षानुवर्षांचं तेल-हळद तिच्यात मुरून ती पिवळसर झालेली असते. ही जाळी मी फेव्हिकॉलने उठवते. एक जाड हात द्यायचा, तो चिकट असतानाच त्यावर अ‍ॅक्रिलिक रंग फिरवायचा. वाळताना वरचा रंग ओढला जाऊन तडकतो. मग यलो ऑकर आणि थोडा बर्न्ट अंबर पातळ करून भेगांत भरायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. चुलीजवळच्या फळीवरल्या वस्तूंवर धूर बसतो तो वरून आणि मागून. समोरची बाजू रोज पुसली जाते. कडीला, कानाला, बुडाच्या कडेला हात लागतो, तिथला रंग आधी जातो. पाणी, धूर आणि हात यांनी आमच्याकडच्या वस्तू जुन्या होतात.

हे मला नीट मांडता आलं ते शेजारच्या सुनेमुळे. तिने आहेरातली एक फुलदाणी आणली आणि म्हणाली, "मावशी, हिला जुनी करून द्या ना. तांब्यावर हिरवट रंग चढलेला असतो बघा, तशी."

"तुझ्या माहेरी जुनं तांबं-पितळ आहे का गं?"

"आजीचा हंडा आहे की. घागर आहे."

"ती हिरवी आहेत?"

ती हसली. "आजी हिरवी होऊ देईल होय? चिंच लावून लख्ख घासते."

तांब्याला हवा लागली की आधी ते काळवंडतं, मग ओल आणि हवेतला कर्बवायू यांच्या संगतीने त्यावर हिरवा थर येतो. उघड्यावरच्या पुतळ्यांना तो शोभतो, कारण त्यांना कोणी घासत नाही. आपल्या घरात मात्र तो थर कळकट आणि विषारी म्हणून चिंचेने, राखुंडीने काढला जातो. त्यामुळे आपल्याकडचं जुनं पितळ हिरवं नसतं, झिजलेलं असतं. घासून घासून नक्षीच्या कडा मऊ झालेल्या असतात, पोटाला पोचे असतात, कोरलेलं नाव अर्धं पुसलेलं असतं. कित्येक पिढ्यांच्या बायकांचे हात त्यावरून फिरलेले असतात, आणि त्या हातांचा मान मला हिरव्या थरापेक्षा मोठा वाटतो.

तिची फुलदाणी मी तशीच केली. खालच्या थराला काळपट तपकिरी रंग दिला, त्यावर पितळी रंग जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यावर ओढला. जिथे हात धरतो तिथे तो जास्त उजळ ठेवला, गळ्याच्या खाचेत काळपटपणा राहू दिला. हिरवा टिपकाही नाही. ती पाहून म्हणाली, "आजीच्या हंड्याशेजारी ठेवते." मला यापेक्षा मोठी पावती नको होती.

रहिमतपुराहून औंध जवळ आहे. तिथल्या डोंगरउतारावर औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938 साली श्रीभवानी संग्रहालय उभं केलं. राजा रविवर्म्यांची मूळ चित्रं आणि हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प तिथे आहे. राजेसाहेब स्वतः चित्रकार होते. तिथे गेलं की मी खऱ्या जुन्या वस्तूंच्या कडा बघते आणि माझ्या कामाची हद्द मला कळते. रंगाने मी एखाद्या फुलदाणीला आमच्या घरांत शोभेल असं रूप देऊ शकते, तिचा भूतकाळ तयार करू शकत नाही.

म्हणून दोन नियम मी मोडत नाही. खरोखर जुन्या वस्तूला रंग लावायचा नाही. पणजीची घागर कोणी रंगवायला आणली तर मी ती परत देते आणि आहे तशी वापरा म्हणते. आपल्या 1972च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते. रंगाचा एक हात तिच्यावरची सगळी साक्ष झाकून टाकतो. दुसरा नियम असा, की माझ्या प्रत्येक फुलदाणीच्या बुडावर 'रंगवलेली' असं लिहून साल टाकायचं. एका गिऱ्हाइकाने ते लिहू नका, जास्त पैसे देतो असं सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. नक्कल खरी म्हणून खपली की खऱ्यावरचाही विश्वास उडतो, आणि ते नुकसान पुढच्या पिढ्यांचं असतं.

तुमच्या माळ्यावर अशी एखादी फुलदाणी असेल तर ती फेकू नका. पण रंगाची बाटली उघडण्याआधी घरातली सर्वांत जुनी वस्तू हातात घ्या, ती कुठे झिजली आहे, कुठे काळवंडली आहे ते पाहा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्याचं कारण विचारा. ते कारण कळलं, की ब्रश कुठे टेकवायचा हे वेगळं शिकावं लागत नाही.