वाजतंय तोवर बरं

चौलात गाडी चालवून खराब होत नाही, उभी राहून होते. पावसाळाभर मुंबईला मुलाकडे राहून आलेल्या माणसाची गाडी बघावी. वर जुनी चादर, तिच्यावर प्लॅस्टिक, सुतळीने आवळून बांधलेलं. सोडलं की स्पोकांना तांबेरा, चेन कडीकडीत आखडलेली, पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर बारीक टिपके. हेच टिपके पुढे सीलचं रबर कापतात आणि ऑइल गळायला लागतं. प्लॅस्टिकच्या आत दमट हवा कोंडते आणि ती बाहेरच्या खाऱ्या वाऱ्यापेक्षा वाईट. शेजारच्या वाडीतली, नारळाची पोती वाहणारी, कधी फडकं न लागलेली गाडी मात्र पहिल्या किकला चालू.

त्यामुळे लांब जायला भरवशाची गाडी कोणती, असं कुणी विचारलं की आमच्याकडे उलट प्रश्न येतो : शेवटची कधी चालवली होतीस?

*

१९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० आली. पेट्रोल भरा, झाकण लावा आणि विसरून जा, अशी तिची जाहिरात होती. सांगायचं होतं ते मायलेजबद्दल. पण लोकांनी त्यातून अख्खी गाडीच विसरायची परवानगी काढली, आणि गाडीने ती पुष्कळ वर्षं चालवूनही घेतली. ९७.२ सीसीचं, जवळजवळ आडव्या सिलिंडरचं ते इंजिन. कूळ होंडाच्या १९५८ च्या सुपर कबचं, ज्या गाडीने २०१७ मध्ये दहा कोटींचा आकडा ओलांडला. १९९४ मध्ये स्प्लेंडर आली तीही याच इंजिनावर. ताकद सात-आठ घोड्यांची. शंभरच्या वेगाने पळायची हौस नाही, त्यामुळे पिस्टनलाही झिजायची घाई नाही. अलिबाग तालुक्यातले किती शिक्षक, तलाठी आणि विमा एजंट एकाच स्प्लेंडरवर निवृत्तीपर्यंत पोचले असतील, ते मोजायला हवं.

विसरून जा हे मात्र समुद्रापासून लांबच्या गावांनी ऐकावं.

*

नाक्यावरच्या गॅरेजात ऐकलेलं. मुंबईचा पोरगा, भाऊच्या धक्क्यावरून रो-रोत गाडी चढवून मांडव्याला उतरलेला. पुढे मुरुड, दिघी, हरिहरेश्वर, तिथून गोवा असा बेत.

"काका, टॅपेट वाजतायत. जरा टाइट करून द्या ना."

मिस्त्रीने गाडी चालू ठेवून कान खाली नेला, रेस कमी-जास्त केली.

"वाजतायत ते बरंय. वाजायचे थांबले की ये."

पोराला वाटलं, काम टाळतोय. पण मिस्त्रीचं बरोबर होतं. टॅपेट म्हणजे रॉकर आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामधली फट. मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आतबाहेरची, गार इंजिनावर फिलरची पातळ पत्ती घालून मोजायची. फट वाढली की टिकटिक वाढते, थोडा पिकअप जातो, बाकी काही बिघडत नाही. फट संपली की आवाज बंद होतो. मग व्हॉल्व्ह आपल्या जागी पूर्ण टेकत नाही. टेकल्याशिवाय त्याची आच सीटमध्ये उतरत नाही, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह हळूहळू जळत जातो. बाहेरून गाडी अगदी शांत, गुळगुळीत. मालक खूश. मग एखाद्या घाटात कॉम्प्रेशन जातं आणि किक मोकळीच खाली येते.

मिस्त्रीने शेवटी फट मोजली, होती तेवढीच ठेवली आणि चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. तेव्हापासून मी शांत गाडीचं कौतुक जरा बेतानेच करतो. लांबच्या रस्त्याला मला थोडी कुरकुरणारी गाडी लागते. बंद पडणारच असेल तर दोन दिवस आधी बोलणारी.

*

सूचना : नारळाच्या झाडाखाली गाडी लावू नये. पर्यटक सावली बघून लावतात. टाकीवरच्या पोच्याला विमा मिळतो का, हे मला नंतर विचारतात.

*

अफनासी निकितिन हा त्वेरचा रशियन व्यापारी १४७० च्या आगेमागे चौल बंदरात उतरला. रेवदंड्यात त्याच्या नावाचं स्मारक आहे. सहलीच्या बसमधले लोक तिथे थांबतात, फोटो काढतात आणि किल्ल्याकडे जातात. स्मारकावर निकितिन आहे, पण माझं लक्ष त्याच्या घोड्याकडे जातं.

हा गडी होर्मुझहून जहाजात एक घोडा घेऊन आला. हिंदुस्थानात चांगले घोडे निपजत नाहीत, बाहेरून आणले तर भरपूर पैसे होतात, असं त्याला कळलं होतं. घोड्यावर त्याचे शंभर रूबल लागलेले. म्हणजे वाहन, माल आणि भांडवल, सगळं एकाच चार पायांवर. चौलहून जुन्नरला पोचायला त्याला तीन आठवड्यांहून जास्त लागले. पुढे पाऊस लागला. रस्त्यांवर नुसता चिखल, म्हणून तो जुन्नरातच अडकला. तिथल्या असदखानाने घोडाच काढून घेतला : धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाहीतर घोडाही गेला आणि दंडही भर. मुदत चार दिवसांची. शेवटी एका खुरासानी माणसाने रदबदली केली आणि घोडा परत मिळाला. पुढे बिदरला तो विकला गेला.

इतक्या प्रवासात घोड्याने कुठे दगा दिला नाही. दगा मिळाला तो खानाकडून. हल्लीही लांबच्या फेरीत गाडीपेक्षा नाकाबंदी, पीयूसी आणि परराज्यातला हवालदार यांचीच धास्ती जास्त असते.

आपल्याकडे घोड्यांना हरभरे आणि साखर-तेल घालून खिचडी खाऊ घालतात, हेही निकितिनने नोंदवून ठेवलंय. इंधनाची चौकशी न चुकता करणारा माणूस. तो माझ्या मर्जीतला.

*

क्लचची वायर एका दमात तुटत नाही. लिव्हरजवळ जिथे तिचा शिशाचा मणी अडकतो, तिथली एकेक तार सुटत जाते. लिव्हरमागचं रबर सरकवून बोटाने चाचपलं तर सुटलेलं टोक टोचतं. आधी एक, मग तीन, मग क्लच नेहमीपेक्षा खाली पकडायला लागतो. एवढं सांगून सवरून तुटणारी वस्तू दुसरी नाही. तरी लोकांची वायर हमखास घाटातच तुटते, कारण बोट लावून बघायचं कुणाला सुचत नाही.

जुन्या लोकांची युक्ती अशी : नवी वायर डिकीत न ठेवता चालू वायरच्या कडेने आधीच ओढून, हँडलपासून इंजिनापर्यंत टेपने बांधून ठेवायची. तुटलीच तर दोन टोकं बदलायची. रात्री, पावसात, मोबाइलच्या उजेडात टाकी उतरवावी लागत नाही.

*

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या शाकारलेल्या. थेरोंड्याच्या कोळीवाड्यात या दिवसांत इंजिनं उघडतात. बिघडली म्हणून नव्हे, बंदीचे दिवस आहेत म्हणून. मे महिन्यापर्यंत सुरळीत चाललेलं इंजिनही उघडतं. नोझल काढून तपासतात, पाण्याचा पंप बघतात, पट्टे बदलतात. "चाललंय ना बरं, मग कशाला खोलता?" असं तिथे विचारून बघावं. बोटीत मेकॅनिक येत नाही, एवढंच उत्तर मिळतं, तेही काम न थांबवता.

मोटरसायकलवाल्याचा हिशेब याच्या उलटा. गाडी बरी चालली की बघायचं नाही, बिघडली की बघायचं. रस्त्यावर कुणीतरी मिळेल ही खात्री असते, आणि बहुतेक वेळा ती खरीही ठरते.

*

रॉबर्ट पिर्सिगचं मोटरसायकलवरचं गाजलेलं पुस्तक १९७४ चं. प्रवास त्याने होंडाच्या ३०५ सीसीच्या गाडीवर केला. सोबतच्या मित्राकडे बीएमडब्ल्यू, भारी. मित्र तिला हात लावायचा नाही. चांगली गाडी घेतलीय, आता ती चालली पाहिजे, असा त्याचा खाक्या. तिचं हँडल सैल झालं तेव्हा पिर्सिगने सुचवलं की बिअरच्या डब्याचा पत्रा कापून आत सारू, पातळ असतो, नेमका बसेल. मित्राचा चेहरा उतरला. एवढ्या किमती गाडीत बिअरचा डबा?

हे मी नाक्यावर सांगितलं. मिस्त्री हसला, खोक्यात हात घातला आणि कापून ठेवलेल्या पट्ट्या दाखवल्या. किनाऱ्यावर कॅनची कमतरता नाही.

*

जुन्या बुलेटच्या डोक्यावर, हेडलाइटच्या मागे, अॅमीटरचा काटा असायचा. दिवा लावला की डावीकडे झुकायचा, रेस दिली की मधे यायचा. चार्जिंग गेलं तर काटा डावीकडेच पडून राहायचा, आणि मालकाला कळायचं की बॅटरीत आहे तेवढ्यात पेण गाठायला हवं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि बहुतेक गाड्यांचा कार्ब्युरेटर गेला. पुष्कळ गाड्यांची किकही गेली. आता पंपाच्या दाबाने पेट्रोल मोजून फवारलं जातं. त्याने गाड्या सुधारल्या, यात वाद नको. आमच्याकडून लडाखला जाणाऱ्या पोरांना विचारा. खारदुंगला ५,३५९ मीटरवर, तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या आसपास. चौलात लावलेला कार्ब्युरेटर तिथे पेट्रोल तेवढंच सोडतो, हवा मात्र पुरत नाही, म्हणून प्लग काळा आणि इंजिन गुदमरलेलं. नव्या गाडीचा सेन्सर हवा मोजून पेट्रोल आपणहून कमी करतो. रस्त्यात थांबून जेट बदलत बसावं लागत नाही.

पण ही गाडी आधी बोलत नाही. बोलते तेव्हा एक पिवळा दिवा लावते : काहीतरी झालंय. काय, ते स्कॅनर जोडल्यावर कळणार आणि स्कॅनर शहरात. बॅटरी पार बसली की धक्का मारूनही उपयोग नाही. पेट्रोलचा पंप चालायलाच वीज लागते, चाक फिरून काय करणार? जुनी गाडी पुष्कळदा थांबायची, नवी क्वचित थांबते, आकड्यात नवीच जिंकेल. तरी एकट्याने रात्री कशेडी घाटाच्या बाजूला जायचं तर माझा हात अजून जुन्या गाडीच्या किल्लीकडे जातो. हे शहाणपण आहे असा दावा नाही.

*

३ जून २०२०, निसर्ग वादळ. पोफळी मधेच मोडल्या, नारळ मुळासकट आडवे झाले. अलिबागचा रस्ता झाडांनी भरलेला, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. कोयते-कुऱ्हाडी घेऊन लोक रस्ता मोकळा करत होते, तो मोकळा व्हायच्या आधी मोटरसायकली निघाल्या. नागावात कोण कसं आहे, औषध कुठे मिळतंय, या बातम्या त्यांच्यावरून आल्या. आडवं झाड आलं की चौघांनी गाडी उचलायची, पलीकडे ठेवायची, पुन्हा किक.

हल्ली लांबच्या प्रवासासाठी म्हणून ज्या गाड्या घेतात त्या दोनशे किलोंच्या घरात असतात. स्प्लेंडर त्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. त्या दिवसांत कुठली गाडी चांगली हे कुणी मायलेज किंवा सीसी बघून ठरवलं नाही. चौघांना उचलता येते ती चांगली. हे गुणपत्रक कुठल्या शोरूममध्ये मिळत नाही.

*

आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. खाडी आली की गाडी फेरीबोटीत. किनाऱ्याने रत्नागिरीपर्यंत जाणाऱ्याने या फेऱ्यांच्या वेळा आधी विचाराव्यात. शेवटची फेरी चुकली तर इंजिन कितीही भरवशाचं असो, पाण्यावरून जात नाही.

बोटीच्या कठड्यालगत गाडी लावली की तुषार थेट चेनवर येतात. मुक्कामाला पोचल्यावर गोड्या पाण्याच्या दोन बादल्या, मग कोरडं फडकं, मग चेनला नव्वद नंबरचं ऑइल. जोराच्या पाइपने मात्र धुऊ नये. पाणी चाकाच्या बेअरिंगमध्ये घुसतं आणि ग्रीस बाहेर काढतं. गाडी लखलखीत दिसते, आवाज आठवड्याने येतो.

*

आमच्याकडची गाडी सेकंडहँड घ्यायला घाटावरून लोक येतात. किलोमीटर कमी असतात म्हणून. येतात, रंग बघतात, टायर दाबतात, फेरी मारतात. त्यांनी सीट काढावी आणि खालच्या चॅसीचे जोड बघावेत. सायलेन्सर इंजिनाला जिथे मिळतो तिथलं नट पान्याला दाद देतं का, ते बघावं. स्पोकांवरून नख फिरवावं. मागच्या मडगार्डला आतून ठोकावं. वायरिंगची एखादी जोडणी उघडून आत हिरवी बुरशी धरलीय का, तेही. आणि मालकाला विचारावं की गाडी रोज चालते का. 'छे, घरातच असते, एकदम कमी वापर' असं त्याने अभिमानाने सांगितलं, तर चहा प्यावा आणि रोह्याला दुसरी गाडी बघायला जावं.