सातवीनंतरची वाट

मुलगी सातवी-आठवीत पोचली की आमच्या घराघरांत एकच विषय निघतो. पुढे कुठे घालायचं? जवळच्या मुलामुलींच्या शाळेत, लांबच्या गर्ल्स हायस्कूलमध्ये, की घरीच शिकवायचं? मीही मुस्लिम पालक आहे आणि ही चिंता मला मागासलेपणाची खूण वाटत नाही. दीन आणि अब्रू सांभाळून मुलीनं शिकावं असं वाटणाऱ्या आईबापांचं काही चुकत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. वर्गात शेजारी कोण बसणार याचा खल आपण महिनोन्महिने करतो, पण ही शाळा मुलीला कुठपर्यंत नेणार, हे विचारायचं राहून जातं. माझ्या मते निवड याच दुसऱ्या प्रश्नावर व्हायला हवी.

मुलींच्या वेगळ्या शाळेला नावं ठेवण्याआधी तिनं काय केलं ते आठवावं. अलिगढला शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ मध्ये मुलींची शाळा काढली. तीच पुढे विमेन्स कॉलेज झाली. कलकत्त्यात बेगम रुकैय्या सखावत हुसैन यांनी १९११ मध्ये शाळा सुरू केली, तेव्हा मुलींना पडद्याच्या गाडीतून आणावं लागे. पडदा मोडायला सांगितला असता तर त्या मुली आल्याच नसत्या. पडदा ठेवून त्या आल्या आणि शिकल्या. मुंबईत १८७४ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामनंही पुढे मुलींसाठी वेगळी शाळा काढली. ज्यांना घराचा उंबरा ओलांडणंच अशक्य होतं, त्यांच्यासाठी हे दार उघडलं गेलं, आणि आजही काही वस्त्यांत त्याची गरज तेवढीच आहे.

मात्र वेगळ्या शाळेत अभ्यास आपोआप चांगला होतो, हा समज तपासून घ्यायला हवा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २१ देशांतले १८४ अभ्यास आणि सुमारे १६ लाख विद्यार्थी विचारात घेतले होते. मुलांची घरची परिस्थिती आणि आधीचे गुण हिशेबात धरणाऱ्या काटेकोर अभ्यासांत वेगळ्या शाळांचा फायदा जवळपास उरला नाही. याविरुद्ध दक्षिण कोरियातल्या सोलचा दाखला आहे. तिथं हायस्कूल सोडतीनं मिळत असे, त्यामुळे हुशार घरांनी शाळा निवडली असं म्हणायला जागा नव्हती; तरीही वेगळ्या शाळांतली मुलंमुली कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत पुढे दिसली. दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले की मला एवढंच म्हणता येतं, की काही ठिकाणी वेगळी शाळा लाभते, पण त्या भरवशावर कमकुवत शाळा पत्करू नये. बाई विज्ञान कसं शिकवतात, प्रयोगशाळा उघडी असते की कुलूपबंद, गणिताची शिक्षिका वर्षभर टिकते का, हे आधी बघावं.

आता धर्माचा मुद्दा. इख्तिलात, म्हणजे स्त्री-पुरुषांचं मिसळणं, टाळावं असं सांगणारे उलेमा आहेत आणि त्यांचं म्हणणं मी झटकून टाकत नाही. पण बंद खोलीतली खल्वत, म्हणजे परक्या स्त्री-पुरुषांचा एकांत, आणि भरदिवसा पन्नास मुलांचा वर्ग यांत फरक आहे, हे आपल्याच फिक्हमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, मानलं जातं. नबींच्या मशिदीत बायका त्याच छताखाली, मागच्या रांगांत नमाज पढत. अकराव्या शतकात मक्केत करीमा अल-मरवझिय्या ‘सहीह बुखारी’ हा हदीसग्रंथ शिकवत, आणि त्यांच्याकडे शिकायला येणाऱ्यांत खतीब अल-बगदादींसारखा मोठा आलिम होता. बाईनं शिकणं-शिकवणं आपल्याकडे परकं कधीच नव्हतं. ज्या घराला तरीही वेगळी शाळाच हवी, त्यानं जरूर घ्यावी. फक्त तिच्या पुढची पायरी आधी पाहून ठेवावी. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्ये मुलींची अँग्लो उर्दू शाळा आहे, सीनियर कॉलेज आहे, आणि त्याच आवारात फार्मसी आणि कायद्याची कॉलेजंही आहेत. अशी सलग वाट असेल तर आईबापांना दर तीन वर्षांनी नव्यानं धीर गोळा करावा लागत नाही. वाट तुटते ती जिथं उर्दू शाळा सातवीला संपते आणि पुढची दोन बस बदलून येते तिथं. मुस्लिमांच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा २००६ चा अहवाल हेच सांगतो. मुलं मदरशामुळे शाळेपासून दुरावतात हा समज त्यात टिकला नाही; मदरशात जाणारी मुस्लिम मुलं शंभरात तीन-चारच निघाली. मुलींच्या शाळा जवळ नसणं, शिक्षिका आणि वसतिगृहं कमी असणं आणि गरिबी, हे खरे अडसर होते.

घरच्या शिक्षणाबद्दल मी सगळ्यात सावध आहे. ते अशक्य नाही. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा आहे, बाहेरून परीक्षेला बसायला आपल्या राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म आहे, आणि हिफ्जसाठी, म्हणजे कुरआन पाठ करायला, दोन-तीन वर्षं काढून मुलं पुन्हा अभ्यासाला लागतात. पण आपल्या वस्त्यांत ‘घरी शिकते’ या शब्दांखाली पुष्कळदा धाकट्या भावंडांना सांभाळणं आणि जरीकाम दडलेलं असतं. म्हणून ते खरं शिक्षण आहे की नाही हे मी तीन गोष्टींवरून ओळखतो: रोज शिकवणारं ठरलेलं माणूस, भरलेला परीक्षेचा फॉर्म, आणि आठवड्यातून काही तास तरी बरोबरीच्या मुलींची सोबत. यांतली एकही नसेल तर तिची शाळा सुटली आहे असंच समजावं.

‘पण मुलांच्या छेडछाडीचं काय?’ हा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि त्याचं उत्तर मुलींकडे मागितलं जातं, हे मला सहन होत नाही. मुलाला कुठल्या शाळेत घालावं यावर अशी रात्र-रात्र चर्चा कोणत्या घरात होते? आणि नुसतं वेगळं ठेवलं की मुलींना न्याय मिळतो असंही नाही. बर्मिंगहॅमच्या अल-हिजरा शाळेत एका इमारतीत मुलं-मुली वेगळी ठेवली होती. २०१७ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयानं हा भेदभाव ठरवला. तपासणीत मुलींना मधल्या सुट्टीतल्या खाण्यासाठी मुलांचं होईपर्यंत थांबावं लागत असल्याचंही दिसलं होतं. भिंत घातली की तिच्या कुठल्या बाजूला काय वाढलं जातं, हे पाहावंच लागतं. आणि नजर खाली ठेवायची शिकवण कुरआनात आधी पुरुषांना आहे. ती मुलाला घरी दिली तर मिश्र वर्गाची अर्धी भीती तिथंच कमी होईल. म्हणून जूनमध्ये शाळेची पायरी चढताना मुलाची आणि मुलीची एकच यादी घेऊन जावी: दहावीनंतर इथून मुलं-मुली कुठे जातात, सायन्स कितीजण घेतात, तक्रार ऐकणारी बाई कोण, मुलींचं स्वच्छतागृह चालू आहे का, आणि शाळा सुटल्यावर बसथांब्यापर्यंत सोबत कोणाची.