मिसिंग

आमच्या घरी कॉम्प्युटर म्हणजे दादाचा कॉम्प्युटर. २०१९ मध्ये त्याने एकेक पार्ट जमवून तो जोडला आणि दोन वर्षांनी नोकरीसाठी गल्फला गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "वापर, पण उघडू नकोस." मी उघडला नाही. त्यावर असाइनमेंट टाइप केल्या, पिक्चर बघितले, बस.

मे महिन्याच्या सुट्टीत मात्र डोक्यात 'ब्लॅक मिथ: वुकाँग' शिरला. २० ऑगस्ट २०२४ ला आलेला हा गेम सोळाव्या शतकातल्या 'जर्नी टू द वेस्ट' या चिनी कादंबरीतल्या माकडाभोवती रचलेला आहे. त्या कादंबरीतला भिक्षू ज्याच्यावरून घेतलाय तो ह्युएन त्संग. पुलकेशीच्या धड्यात आपल्याला भेटतो तोच! साहित्याची विद्यार्थिनी म्हणून हा गेम खेळणं माझं कर्तव्यच आहे, असं मी आईला पटवून दिलं. म्हणजे आई काही बोलली नाही.

गेमची किमान मागणी १६ जीबी रॅम, १३० जीबी जागा आणि जीटीएक्स १०६० चं सहा जीबीवालं कार्ड. दादाचं कार्ड नेमकं तेच, म्हणजे काठावर पास. रॅम आठच होती. चौदाशे रुपयांत आणखी आठची सेकंडहँड पट्टी आणली, दादाची माफी मागून कॅबिनेट उघडला आणि पहिलीच्या शेजारच्या खाचेत ती बसवली.

पहिल्यांदा चालू केल्यावर गेम थेट सुरू होत नाही. आधी तो शेडर तयार करतो, म्हणजे दगड, पाणी, केस कसे रंगवायचे याच्या सूचना आपल्या कार्डाला समजतील अशा करून घेतो. बाहेर आईची रोझरी सुरू होती. तिसरं रहस्य झालं तरी इथे बार निम्म्यावरच. आईचं आधी संपलं.

मग गेम लागला. कोपऱ्यात आकडा दिसत होता, सरासरी ४६ एफपीएस. मी खूश. पण लांडग्याने तलवार उगारली की चित्र क्षणभर थबकायचं, आणि पुढचं दिसेपर्यंत मी मेलेली असायचे. सेटिंग खाली आणलं, सावल्या कमी केल्या. आकडा ५० झाला. मरण तेच.

पप्पा दारात कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.

"मिसिंग मारतंय की गं हे."

पप्पांचं गोवावेसच्या पुढे टू-व्हीलरचं गॅरेज होतं. उजवा हात थरथरायला लागल्यावर, दोन वर्षांपूर्वी, ते बंद केलं. तेव्हापासून पप्पा घरात असतात, पण फारसे बोलत नाहीत. जेवायला बोलावलं की येतात. म्हणून ते स्वतःहून बोलले याचंच मला आधी आश्चर्य वाटलं.

मी म्हटलं, "पप्पा, सरासरी ५० आहे."

"गाडी पन्नासनं चालली म्हणून मिसिंग नसतं काय?"

त्यांना दाखवायला म्हणून मी फ्रेम टाइमचा ग्राफ लावला, आणि मलाच पहिल्यांदा कळलं. सेकंदाला ५० चित्रं म्हणजे प्रत्येकाला २० मिलिसेकंद. माझी चित्रं येत होती १५, १६, १५ आणि मध्येच ८०. सरासरीत ते ८० बुडून जातात. वृत्ताच्या तासाला आपण हेच तर ऐकतो. भुजंगप्रयातात ओळीची बारा अक्षरं भरली, पण एक लघु-गुरू चुकला, की कान अडखळतोच. अक्षरं मोजून काय उपयोग! (सर, हे उदाहरण परीक्षेत लिहिलं तर चालेल का?)

"तापतंय काय?" पप्पांनी विचारलं. प्रोसेसरचं तापमान ९३ अंश. "उघड."

"दादा म्हणालाय..."

"उघड गं. न उघडता कुठली गाडी दुरुस्त झालीय?"

आत फॅनवर धुळीची गोधडी होती. पप्पांनी माळ्यावरून गॅरेजचा ब्लोअर आणि रंगाचा ब्रश काढला. फॅनच्या पात्याला बोट लावून धरायला सांगितलं, नाहीतर हवेने तो भलताच फिरतो. मग मदरबोर्डचं पुस्तक वाचायला लावलं. त्यात सरळ चित्र होतं: दोन पट्ट्या असतील तर दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मी शेजारीशेजारी घातल्यामुळे दोन्ही एकाच वाटेने चालत होत्या, दुसरी वाट रिकामी.

"दोन सिलिंडरची गाडी एकावर पळवतीयस," पप्पा म्हणाले आणि स्वतःच पट्टी उचलली. खाचेवर धरली. हात थरथरला, पट्टी कडेला घासली. पुन्हा धरली. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी पट्टी माझ्या हातात दिली.

"तू घाल. दोन्ही बाजूला टक् आवाज आला पाहिजे."

आला.

तापमान ७४ वर उतरलं, ते ८० चे झटके गेले. तरीही एफपीएस ४० ते ५५ मध्ये झुलत होते. आमचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळा चित्र बदलतो. ४५ चित्रं ६० घरांत बसवायची म्हणजे काही एक घर थांबणार, काही दोन. डोळ्याला ते खुपतं. ३० वर बांधलं की प्रत्येक चित्र बरोबर दोन घरं घेतं. मला हे मान्य करवेना. एवढं करून ३०?

"रेस कमी कर," पप्पा म्हणाले. "एकसारखं चालू दे."

३० वर लॉक केलं. ग्राफची रेघ सरळ झाली. पेटत्या शस्त्राचा तो लांडगा, ग्वांगझी, चौथ्या खेपेला पडला. पप्पांनी लढाई पाहिलीच नाही, ते रेघ बघत होते.

रविवारी मिस्सानंतर दादाचा व्हिडिओ कॉल आला. मी सगळं सांगितलं. त्याने विचारलं, किती एफपीएस? ३० म्हटल्यावर हसायला लागला. पप्पांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"तीस हायत, पण मिसिंग नाही. आणि फॅन कवा साफ केलावतास रे तू?"